घरच्या वायफायवर मुलांचं नेट आवरायचं कसं? (राउटर, डीएनएस, वेळापत्रक आणि पळवाटा)

कडीकुलूप

घरात १३ आणि १६ वर्षांची दोन मुलं. दोघांचे फोन, एक सामाईक लॅपटॉप, एक टीव्ही, एक गेमिंग कन्सोल. फायबर जोडणी आहे. कंपनीचा ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो डबा) आणि त्यापुढे आपला राउटर. अपेक्षा तीनच:

१. रात्री साडेदहा ते सकाळी सहा मुलांच्या उपकरणांना नेट नको.
२. अश्लील आणि जुगाराच्या साइट उघडू नयेत.
३. मोठ्यांच्या कामात खोळंबा नको.

राउटरच्या पेरेंटल कंट्रोलमध्ये मुलांची उपकरणं निवडून वेळ लावली. दोन दिवस चाललं. आता यादीत अनोळखी उपकरणं दिसतात आणि रात्री नेट बिनदिक्कत चालू असतं. कुठे चुकतंय?

पोर्ट_त्रेपन्न

ती अनोळखी उपकरणं बहुतेक मुलांचेच फोन आहेत. राउटर उपकरणाला मॅक पत्त्यावरून (उपकरण वायफायला सांगतं त्या ओळख क्रमांकावरून) ओळखतो, आणि आयओएस १४ (२०२०) व अँड्रॉइड १० पासून फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता सांगतच नाहीत, बनावट सांगतात. वायफायच्या सेटिंगमध्ये 'खासगी पत्ता' किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. तो बदलला की राउटरच्या लेखी नवं उपकरण दाखल झालं. आयओएस १८ मध्ये तर काही दिवसांनी आपोआप बदलणारा पत्ताही निवडता येतो. ओळखायची खूण सोपी आहे: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बहुधा बनावट.

'एवढे रोखा, बाकी मोकळे' ही यादी म्हणूनच टिकत नाही. 'एवढे मोकळे, बाकी रोखा' अशी उलटी यादी टिकते, पण घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा फोन तीत घालत बसावं लागतं. त्यापेक्षा उपकरणं ओळखायचा नादच सोडा. मुलांसाठी वेगळं वायफाय काढा आणि सगळे नियम त्या जाळ्याला लावा. त्यात कोण कुठला पत्ता घेऊन आलं याने काही फरक पडत नाही.

उंबरठा

+१. वेगळं जाळं काढताना लोक जिथे घसरतात त्या जागा सांगते.

राउटरमध्ये एकापेक्षा जास्त एसएसआयडी (वायफायची नावं) करता येत असतील तर उत्तम, नाहीतर गेस्ट नेटवर्क वापरा. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. आणि जुन्या वायफायचा पासवर्ड बदला. तो मुलांच्या फोनमध्ये जतन झालेला असतो, त्यामुळे नवं जाळं काढूनही फोन जुन्यावरच जाऊन बसतात. नवा पासवर्ड फक्त मोठ्यांच्या फोनमध्ये हवा. पण फोनमधून वायफायचा क्यूआर कोड काढून देणं दहा सेकंदांचं काम आहे, म्हणजे मोठ्यांच्या फोनचा पिन मुलांना माहीत असेल तर हा पासवर्डही माहीत आहे असंच समजा. सामाईक लॅपटॉप मोठ्यांच्या जाळ्याला एकदाही जोडू नका. विंडोजमध्ये जतन केलेला पासवर्ड वाचता येतो.

मग भोकं बुजवायची:

- ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा. त्याचा पासवर्ड डब्यावरच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो आणि तुमच्या राउटरचे नियम त्याला लागू होत नाहीत.
- डब्ल्यूपीएस बंद. बटण दाबून जोडणं म्हणजे पासवर्डला अर्थच नाही.
- राउटरच्या मागचे लॅन पोर्ट बहुधा मोठ्यांच्या जाळ्यात असतात. कन्सोलला केबल लावली की सगळे नियम बाजूला.
- राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा.
- रीसेटचं छिद्र. टाचणीने दहाएक सेकंद दाबलं की राउटर कोरा. याला सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही, राउटर कपाटात जाईल तेवढाच. पण रीसेट केलेला राउटर लपत नाही, तुमचं वायफायचं नावच गायब झालेलं असतं.

गेस्ट नेटवर्कमधून प्रिंटर आणि टीव्ही दिसत नाहीत, ही तक्रार पहिल्याच दिवशी येणार. टीव्ही मुलांच्याच जाळ्यात टाका. त्यालाही फिल्टर हवाच आहे.

पोर्ट_त्रेपन्न

आता साइट रोखणं. सर्वांत स्वस्त आणि मस्त म्हणजे गाळणारा डीएनएस. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा. साइटचं नाव विचारलं की पत्ताच द्यायचा नाही. पैसे नाहीत, खातं काढावं लागत नाही:

- क्लाउडफ्लेअर फॅमिली: १.१.१.३ आणि १.०.०.३
- क्लीनब्राउझिंग फॅमिली: १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८
- ओपनडीएनएस फॅमिलीशील्ड: २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३
- ऍडगार्ड फॅमिली: ९४.१४०.१४.१५ आणि ९४.१४०.१५.१६

क्लाउडफ्लेअरमध्ये शेवटचा आकडा नीट बघा. १.१.१.१ काहीच गाळत नाही, १.१.१.२ फक्त घातक साइट गाळतो, प्रौढांच्या साइट गाळतो तो १.१.१.३.

हे पत्ते फोनमध्ये भरू नका. मुलांच्या जाळ्याच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) भरा, म्हणजे जोडणाऱ्या प्रत्येकाला आपोआप मिळतील. आणि ही चूक हमखास होते: पहिला डीएनएस १.१.१.३ आणि 'अडीअडचणीला' दुसरा ८.८.८.८ (गूगलचा, न गाळणारा). दुसरा हा राखीव नसतो. उपकरणं दोघांपैकी कोणालाही विचारतात. मग साइट कधी उघडते, कधी नाही, आणि आपण राउटरला शिव्या घालतो. दोन्ही पत्ते एकाच गाळणाऱ्या सेवेचे हवेत.

निशाचर

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; वरचे पत्ते जुन्या आयपीव्ही४ चे) राहिलं. राउटर आयपीव्ही६ देत असेल तर तो त्यावरून कंपनीचा डीएनएस वेगळा जाहीर करतो, आणि फोन खुशाल त्याला विचारतात. आयपीव्ही४ ला कितीही बूच मारा. एकतर मुलांच्या जाळ्यावर आयपीव्ही६ बंद करा, नाहीतर तिथेही गाळणारा पत्ता द्या. क्लाउडफ्लेअरचे २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३.

कडीकुलूप

धन्यवाद. १.१.१.३ लावला, काम करतोय. पण जुगाराच्या साइट उघडतात. आणि गूगलवर चित्रं शोधली की नको ते दिसतंच.

पोर्ट_त्रेपन्न

दोन्ही अपेक्षित. १.१.१.३ च्या गाळणीत जुगार नाही. आणि चित्रं गूगलच्याच पत्त्यावरून येतात, म्हणजे रोखायची तर गूगलच रोखावं लागेल. त्याऐवजी सेफसर्च सक्तीचं करतात: www.google.com विचारलं की डीएनएसने फोर्ससेफसर्च डॉट गूगल डॉट कॉमचा पत्ता द्यायचा. बिंगसाठी स्ट्रिक्ट डॉट बिंग डॉट कॉम, डकडकगोसाठी सेफ डॉट डकडकगो डॉट कॉम. यूट्यूबला रिस्ट्रिक्ट डॉट यूट्यूब डॉट कॉम (कडक) किंवा रिस्ट्रिक्टमॉडरेट डॉट यूट्यूब डॉट कॉम (मध्यम). कडक लावलात तर अभ्यासाचे बरेच व्हिडिओही गायब होतात, आणि दोन्हींत खालच्या प्रतिक्रिया दिसत नाहीत. १६ वर्षांच्या मुलाला मध्यम पुरे.

हे सगळं हाताने करण्यापेक्षा ऍडगार्ड होम (घरीच चालवायचा गाळणारा डीएनएस) बसवा. रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) किंवा कुठल्याही जुन्या संगणकावर चालतं, सेफसर्चला नुसती खूण करायची. जुगारासाठी बाहेरची यादी जोडा. स्टीव्हन ब्लॅक यांच्या होस्ट्स यादीची (रोखायच्या नावांची) जुगार आणि अश्लील साइट धरून केलेली आवृत्ती मिळते. 'क्लायंट' म्हणून मुलांच्या जाळ्याचा अख्खा पट्टा (उदा. १९२.१६८.२०.०/२४) एकदाच नोंदवता येतो, त्यामुळे मोठ्यांना फिल्टर लागत नाही. तुमची तिसरी अपेक्षा इथे सुटते.

उबुंटूवर बसवताना 'पोर्ट ५३ आधीच वापरात' अशी चूक आली (पोर्ट ५३ म्हणजे डीएनएसच्या चौकश्यांचं दार) तर ते उबुंटूच्या स्वतःच्या डीएनएस सेवेचं, सिस्टमडी-रिझॉल्व्हडचं, काम. त्याच्या सेटिंगमध्ये डीएनएस-स्टब-लिसनर 'नो' करा आणि ती सेवा पुन्हा सुरू करा.

जुना_मोडेम

ऍडगार्ड होमसारखंच पाय-होलही चालेल, पाचव्या आवृत्तीपासून त्यात गट करता येतात. पण कुठलंही घ्या, मुलाने फोनमध्ये हाताने ८.८.८.८ भरला की संपलं. काही टीव्ही आणि कास्टिंगच्या काड्या तर आपण दिलेला डीएनएस न विचारता थेट ८.८.८.८ ला जातात. म्हणून फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ च्या सगळ्या चौकश्या, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, आपल्या डीएनएसकडे वळवायच्या. ओपनडब्ल्यूआरटीत (राउटरवर घालायची मुक्त प्रणाली) हा पोर्ट फॉरवर्डचाच नियम असतो.

टिकलीएवढा_अँटेना

हा नियम लावला आणि ८.८.८.८ भरलेल्या फोनवर नेटच बंद पडलं. वळवलं जायला हवं होतं ना?

जुना_मोडेम

फोन आणि रास्पबेरी पाय एकाच जाळ्यात आहेत का? मग असंच होणार.

समजा फोन १९२.१६८.१.३०, पाय १९२.१६८.१.५. फोनने ८.८.८.८ ला विचारलं. राउटरने पाकिटावरचा पत्ता खोडून १९२.१६८.१.५ लिहिला. पायने बघितलं, विचारणारा .३० आपल्या शेजारचाच आहे, म्हणून राउटरला वळसा न घालता उत्तर थेट फोनला दिलं. आता फोन वाट बघतोय ८.८.८.८ च्या उत्तराची आणि दारात आलाय १९२.१६८.१.५. 'तुला कोणी विचारलं?' म्हणून फोन ते उत्तर फेकून देतो.

एक उपाय म्हणजे वळवताना पाठवणाऱ्याचा पत्ताही राउटरचा करायचा (मास्करेड). उत्तर राउटरमार्गे परततं आणि सगळं जुळतं. पण मग पायला प्रत्येक चौकशी राउटरकडून आल्यासारखी दिसते आणि 'मुलांना वेगळा फिल्टर' हे जमत नाही. चांगला उपाय म्हणजे वर उंबरठाताईंनी सांगितलं तेच. मुलं वेगळ्या जाळ्यात, पाय मुख्य जाळ्यात, आणि मुलांच्या जाळ्यातून पायच्या फक्त पोर्ट ५३ ला परवानगी. उत्तराला राउटरमधूनच जावं लागतं, मास्करेडची गरज उरत नाही.

आणि त्या नियमातून पायला स्वतःला वगळा. नाहीतर पाय बाहेर विचारायला जातो आणि राउटर त्याला त्याच्याचकडे परत पाठवतो. गोल गोल राणी.

निशाचर

पोर्ट ५३ वर पहारा बसला, पण आता डीएनएस सांकेतिक रूपातही जातो. प्रकार तीन:

डीओटी (डीएनएस ओव्हर टीएलएस): पोर्ट ८५३. अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' नावाने फोनमध्येच आहे. पोर्ट ८५३ टीसीपी आणि यूडीपी दोन्ही बंद करा. मुलाने प्रायव्हेट डीएनएसमध्ये नाव भरून ठेवलं असेल तर त्या फोनला डीएनएस मिळणारच नाही. ते काढून 'ऑटोमॅटिक' केलं की सुरू.

डीओएच (डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस): पोर्ट ४४३, म्हणजे साध्या वेब वाहतुकीत मिसळलेला. पोर्ट बंद करून चालणार नाही. फायरफॉक्ससाठी यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट या नावाला 'अस्तित्वात नाही' असं उत्तर द्या, तो आपणहून डीओएच सुरू करत नाही. मात्र वापरणाऱ्याने हाताने चालू केला असेल तर तो या खुणेला जुमानत नाही. त्यासाठी माहीत असलेल्या डीओएच सर्व्हरांची यादी रोखायची. अशा तयार याद्या मिळतात, पण पूर्ण कुठलीच नसते. क्रोम 'ऑटोमॅटिक'वर असेल तर काळजी नको, मिळालेल्याच डीएनएसकडे डीओएच आहे का एवढंच तो बघतो.

ॲपलचा प्रायव्हेट रिले (वाहतूक मधल्या सर्व्हरांमार्गे नेणारी सोय): मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम आणि मास्क-एच२ डॉट आयक्लाउड डॉट कॉम या दोन नावांनाही 'अस्तित्वात नाही' म्हणा. ॲपलने स्वतःच सांगितलेली पद्धत आहे.

उरलं व्हीपीएन (सगळी वाहतूक सांकेतिक बोगद्यातून बाहेर नेणारी सेवा). वायरगार्ड सहसा यूडीपी ५१८२०, ओपनव्हीपीएन ११९४, आयपीसेक यूडीपी ५०० आणि ४५००. हे मुलांच्या जाळ्यावर बंद करता येतात, पण व्हीपीएन ४४३ वरूनही चालतं आणि फुकटातली ॲप्स तेच करतात. इथे राउटरची हद्द संपते. व्हीपीएन ॲप फोनमध्ये येऊच नये, हे फोनवरच ठरवावं लागतं.

उंबरठा

फोनवर: अँड्रॉइडला फॅमिली लिंक, आयफोनला स्क्रीन टाइम. दोन्हींत नवं ॲप पालकांच्या मंजुरीशिवाय येत नाही असं करता येतं. स्क्रीन टाइमचा पासकोड फोन उघडायच्या कोडहून वेगळा ठेवा आणि मुलांसमोर टाकू नका, चार आकडे बघून लक्षात ठेवायला अवघड नसतात. विंडोज लॅपटॉपवर मुलांचं खातं स्टँडर्ड करा. ॲडमिन खातं असेल तर डीएनएसही बदलता येतो, व्हीपीएनही बसवता येतं.

अर्थात मोबाइल डेटा चालू केला की तुमचं वायफाय, पाय, फायरवॉल सगळं एका फटक्यात बाजूला. सोबतच्या मित्राचं हॉटस्पॉटही आलंच. रात्रीची वेळमर्यादा फोनमध्येच लावा, ती डेटावरही लागू पडते.

कडीकुलूप

रात्रीच्या वेळेबद्दलच विचारायचं होतं. मुलांच्या जाळ्याला साडेदहाचा नियम लावला. साडेदहाला नवी साइट उघडत नाही, पण कन्सोलवर चालू असलेला खेळ साडेअकरापर्यंत चालूच!

जुना_मोडेम

नेहमीचं दुखणं. फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो, आणि 'आधी मंजूर झालेली जोडणी जाऊ दे' हा नियम सगळ्यांत वर असतो. तुमचा साडेदहाचा नियम त्याच्या खाली. दहा वाजता सुरू झालेला खेळ जुन्या नोंदीच्या पासवर चालत राहतो. फ्लो ऑफलोडिंग (वेगासाठी पाकिटं नियम न तपासता पुढे ढकलणं) चालू असेल तर ती पाकिटं नियमांपर्यंत पोचतसुद्धा नाहीत.

तीन उपाय. साडेदहाला जुन्या नोंदी पुसा (ओपनडब्ल्यूआरटीत कॉनट्रॅक हे साधन घालून, ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमधून), आणि ऑफलोडिंग बंद ठेवा. किंवा मुलांचं वायफायच बंद करा. बऱ्याच राउटरमध्ये वायफायचं वेळापत्रक असतं, रेडिओच गप्प झाला की कुठली नोंद टिकणार? मला हाच बरा वाटतो. ओपनडब्ल्यूआरटीत क्रॉनने एक एसएसआयडी बंद करताना त्याच रेडिओवरची बाकीची जाळीही क्षणभर तुटतात, तेव्हा मोठ्यांची मीटिंग चालू नसेल अशी वेळ धरा. तिसरा, फक्त कन्सोलपुरता: कन्सोलमधलंच पालकांचं नियंत्रण वापरा, तिथे वेळ संपण्याआधी सूचना तरी येते. खेळ मध्येच तुटला की होणारी आदळआपट वाचते.

आणखी एक. २२:३० ते ०६:०० असा मध्यरात्र ओलांडणारा नियम काही राउटर चुकीचा वाचतात. दोन तुकडे करा: २२:३० ते २३:५९ आणि ००:०० ते ०६:००. वार निवडणार असाल तर शुक्रवार रात्रीचा दुसरा तुकडा शनिवारचा असतो, हे विसरू नका.

टिकलीएवढा_अँटेना

एवढं करण्यापेक्षा राउटरवर प्रमाणपत्र बसवून एचटीटीपीएस उघडून वाचलं तर? कोण काय बघतंय ते सरळ दिसेल.

पोर्ट_त्रेपन्न

नको. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप्स वापरणाऱ्याने घातलेलं प्रमाणपत्र मानतच नाहीत, त्यामुळे ती बंद पडतील. बँकेची ॲप्स तर नक्की. जे चालेल त्यात मुलांचे पासवर्ड आणि खासगी संदेश तुमच्या घरातल्या एका डब्यात साठतील. तो डबा कोणी फोडला तर?

उंबरठा

सहमत. डीएनएसच्या नोंदींबद्दलही हेच म्हणेन. ऍडगार्ड होममध्ये चौकश्यांच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या ते निवडता येतं, २४ तासांवर आणा. कुठली साइट चुकून अडली हे शोधायला तेवढं पुरतं. १६ वर्षांच्या मुलाने रात्री शरीराबद्दल किंवा मनाबद्दल काय शोधलं हे सकाळी चहासोबत वाचायचा हा विषय नाही. फिल्टर आहे, वेळ ठरलेली आहे, नोंदी एवढ्याच राहतात, हे मुलांना आधीच सांगून टाका. लपून लावलेला फिल्टर दोन दिवसांत कळतोच.

अवांतर: फिल्टरमुळे शाळेचं ॲप अडलं तर मुलाने कोणाला सांगायचं हेही ठरवा. नाहीतर तो तक्रार करण्याऐवजी पळवाट शोधेल.

कडीकुलूप

सगळं लागलं. तपासायचं कसं?

निशाचर

मुलांच्या जाळ्यात लॅपटॉप जोडा. कमांड विंडोत एनएसलुकअप वापरून फिल्टरच्या यादीतलं एक नाव आपल्या डीएनएसला विचारा, मग तेच नाव मुद्दाम ८.८.८.८ ला विचारा. दोन्हींचं उत्तर सारखं, म्हणजे अडवलेलं, आलं तर वळवण्याचा नियम चालतोय. आयपीव्ही६ चालू ठेवलं असेल तर तेच २००१:४८६०:४८६०::८८८८ ला विचारून बघा. जुनी साइट अजून उघडत असेल तर घाबरू नका, लॅपटॉपला जुनं उत्तर आठवत असतं. 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' देऊन पुन्हा बघा.

कडीकुलूप

सगळं पास. मात्र काल वीज जाऊन आली आणि त्यानंतर घरात कोणालाच नेट नाही. राउटर आणि पाय दोन्ही सुरू आहेत. रात्रीचा नियम भरदुपारी लागलेला दिसतोय.

जुना_मोडेम

घड्याळ. राउटरमध्ये बहुधा बॅटरीवरचं घड्याळ नसतं, रास्पबेरी पाय ४ मध्येही नाही. वीज आल्यावर दोघंही चुकीची वेळ धरून उठतात आणि वेळ विचारायला एनटीपी (नेटवरून वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरचं नाव शोधतात. नाव शोधायला डीएनएस लागतो, म्हणजे पाय. पायवर डीएनएसएसईसी तपासणी (उत्तरांवरच्या डिजिटल सह्या खऱ्या आहेत का ते बघणं) चालू असेल तर चुकीच्या तारखेमुळे त्याला सगळ्या सह्या मुदतबाह्य किंवा अजून लागू न झालेल्या वाटतात, आणि तो कुठल्याच नावाचं उत्तर देत नाही. एनटीपीचंही नाही. वेळ नाही म्हणून डीएनएस नाही, डीएनएस नाही म्हणून वेळ नाही.

आत्तापुरतं पायची तारीख हाताने लावा. कायमचं म्हणजे राउटरला स्वतःच्या चौकश्यांसाठी पायऐवजी थेट बाहेरचा डीएनएस द्या, राउटरलाच घरचा एनटीपी सर्व्हर करा आणि पायला नावाऐवजी राउटरचा आयपी पत्ता एनटीपी म्हणून द्या. डीएनएसएसईसी तपासणी पायवर बंद केलीत तरी चालेल, १.१.१.३ ती पलीकडे करतोच.

कडीकुलूप

तारीख लावली, नेट आलं. पायवर १ जानेवारी १९७० होती.